बाप्तिस्म्याचे पाणी



बाप्तिस्मा हा शब्द आपल्याकडे उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्याने उमटतो तो 'बाटणे' हा शब्द. यात मी कोणाला दोष देत नाही. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जी प्रकरणे गाजली, ती घरे दुभंगणारी आणि कोर्टकचेरीपर्यंत जाणारी होती. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत केवढा गहजब झाला! वास्तविक त्या मुलाचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता, एवढेच निमित्त. आणि त्याला पदरात घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. भांडण अन्नाचे होते, पाण्याचे नव्हतेच. परंतु लोकांच्या मनात दोन्ही एक झाली, आणि जात सोडण्याचा विधी तो बाप्तिस्मा, अशी समजूत घट्ट बसली. त्या समजुतीच्या आत जे पाणी आहे, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे: बुडवणे. त्याच्या भावकीतले क्रियापद रंगारी कापड रंगात बुडवतो त्यासाठी वापरीत; आणि खुद्द हे क्रियापद जहाज बुडाले तरी वापरीत. या दोन उपयोगांत सगळे सार आले आहे असे मला वाटते. आपल्याला स्नानाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. सोवळे, पर्वणी, तीर्थ हे सारे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. यहुदी लोकांतही शुद्धीची स्नाने होती. पण अशा स्नानाचा एक धर्म असा, की ते पुन्हा करावे लागते. मळ पुन्हा लागतो, स्नान पुन्हा घडते. बाप्तिस्मा मात्र जन्मात एकदाच. असे का? मळ धुणे एवढाच त्याचा अर्थ असता, तर एकदाच करण्याचे काही कारण नव्हते. याचे उत्तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. त्याच्या दृष्टीने हे स्नानच नव्हे, ही मूठमाती आहे. पाण्याखाली जाणारा माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो, आणि वर येतो तो त्याच्याबरोबर उठलेला म्हणून. धुणे दहादा होते, मरणे एकदाच.

ही केवळ पंडिताची कल्पना नव्हती. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचे एक ठाण्याचे गाव होते. तेथील एक राहते घर इ. स. २४० च्या सुमारास ख्रिस्ती मंडळीने प्रार्थनेसाठी फिरवून घेतले. काही वर्षांतच गावाला वेढा पडण्याची वेळ आली. तट भक्कम करण्यासाठी मातीचे भराव घातले गेले, त्यांत ते घर गाडले गेले, आणि म्हणून वाचले! १९३० नंतरच्या उत्खननात त्यातली बाप्तिस्म्याची खोली सापडली. कुंडाच्या वर मेंढपाळ व मेंढरे, त्याच्या पायथ्याशी छोटेसे आदाम आणि हव्वा, आणि बाजूच्या भिंतीवर हाती दिवे घेतलेल्या स्त्रिया चालल्या आहेत, त्या बहुतेक अभ्यासकांच्या मते थडग्याकडे. पाण्यात उतरणाऱ्याला उतरता उतरता थडगे दिसत असे.

पुढे इ. स. ३८७ साली, ईस्टरच्या आदल्या रात्री, मिलान शहरात ऑगस्टीन, त्याचा मुलगा आदेओदातुस आणि मित्र अलिपियुस या तिघांना बिशप अँब्रोजने बाप्तिस्मा दिला. ते अष्टकोनी कुंड आजही मिलानच्या मुख्य चर्चच्या चौकाखाली पाहावयास मिळते. कोन आठ का? तर सात दिवसांत सृष्टी झाली, आणि पुनरुत्थान हा आठवा दिवस. सैतानाचा त्याग उच्चारावयाचा, मग पूर्वेकडे वळावयाचे. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तीनदा विचारावयाचे: पित्यावर विश्वास आहे काय? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? दर 'आहे' ला एक बुडी. नंतर पांढरी वस्त्रे. आणि मग बिशपने त्या नवख्यांचे पाय धुवावयाचे. ही चाल रोममध्ये नव्हती, पण अँब्रोजने ती हट्टाने चालवली. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की या सगळ्याचा अर्थ तो आधी सांगत नसे. विधी होऊन गेल्यावर, ईस्टरच्या आठवड्यात, तो त्यांना बसवून एकेक गोष्ट उलगडून सांगे. आधी बुडी, मग भाष्य.

याच ऑगस्टीनचा बाप्तिस्मा लहानपणीच व्हावयाचा होता. आजारपणात त्याने तो मागितलाही. पण दुखणे बरे झाले आणि बेत पुढे ढकलला गेला. बाप्तिस्म्यानंतरचे पाप अधिक जड, तेव्हा तारुण्य ओसरल्यावर पाहू, असा तो हिशेब. कॉन्स्टंटाईन बादशहाने तर ३३७ साली मृत्युशय्येवरच पाणी घेतले. ही वाण्याची वही देवाशी चालत असेल असे मला वाटत नाही. पण माणसे धूर्त असतात, धर्मातही.

उलट टोकाला तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा. मी स्वतः पाळण्यात असताना बाप्तिस्मा झालेला माणूस आहे, तेव्हा हा वाद माझ्या घरचा आहे. ज्याला कळत नाही त्याने विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न झुरिकच्या काही तरुणांनी १५२५ साली विचारला आणि प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. नगरपालांनी १५२७ साली त्यांतल्या फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारले. पाण्यावरून पाप केले त्याला पाण्यानेच शिक्षा! ख्रिस्ती माणसाला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे. पण त्या तरुणांचा प्रश्न मेला नाही. मी वयात आल्यावर कित्येक वर्षे मलाही तो छळत होता: जे मला आठवत नाही, ते माझे कसे?

मला उत्तराची वाट दाखवली ती पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या लहानग्या मनोरमेचाही. आई संस्कृतात पारंगत, शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी. बाप्तिस्म्यानंतरही ज्या भगिनींनी आश्रय दिला त्यांच्याशी त्रैक्याच्या तत्त्वावर पत्रांतून वाद घालणारी. मूल दोन वर्षांचे. कळण्याच्या दृष्टीने दोघींत जमीन-अस्मानाचे अंतर. आणि तरी स्वतः रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले, आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, पण ख्रिस्त आला नव्हता. एवढी विदुषी, एवढ्या विचाराने पाण्यात उतरली, आणि अर्थ पोहोचला १८९१ च्या सुमारास! मग मायलेकींत त्या दिवशी खरोखर कळून बाप्तिस्मा घेतला कोणी? दोघींनीही नाही, असे मी म्हणेन. आणि दोघींचाही खरा होता.

येथे कोणी विचारील, मग पाणी हवेच कशाला? अँब्रोजलाही हा प्रश्न टाळता आला नाही. ३९२ साली तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्यावाचून मेला. त्याने अँब्रोजकडे बाप्तिस्मा मागितला होता. शोक करणाऱ्या बहिणींना त्या कर्मठ बिशपने सांगितले, की ज्याने मागितले त्याला मिळाले असे समजा. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक याहून पुढे गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घराची काय वाताहत झाली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगावयास नको. आणि त्याच टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बरोबरीने बसावयाचे होते. ज्याने या पाण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याने ते कुंपण होऊ नये म्हणून आयुष्याच्या शेवटी धडपड केली. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, आणि दरबार नीट भरण्याआधीच उठला.

टिळकांपुढे मी नतमस्तक आहे, तरी एका ठिकाणी माझे पाऊल अडते. बाप्तिस्मा कोणाला स्वतःच्या हाताने घेता येत नाही. ॲमस्टरडॅममध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन स्मिथ नावाच्या एका इंग्रज उपदेशकाने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला होता. पुढे त्याचे त्यालाच ते चुकीचे वाटले. देणारा दुसरा लागतो. तो पुण्यवान असला पाहिजे असेही नाही, हे ऑगस्टीननेच डोनाटिस्टांशी भांडून ठरवून घेतले. कॅथलिक नियम तर असा, की मूल मरणाच्या दारी असेल, तर चर्चचा हेतू मनात धरून कोणीही पाणी घालावे. मग ती परिचारिका स्वतः ख्रिस्ती नसली तरी चालते. माझ्या कपाळावरही असाच कोणा दुसऱ्याचा ओला हात टेकला होता. तो हात मला आठवत नाही. माझी आई होती तोवर तिला आठवत होता.