मांजरपाटाची पाटी



वेषरचनेचें, म्हणजे आज जिला सर्वत्र फॅशन डिझाइन म्हणतात त्या विद्येचें शिक्षण घेण्याची इच्छा मुलामुलींनीं बोलून दाखविली, कीं आईबाप प्रथम विचारतात, "तुला चित्र काढतां येतें का?" प्रश्न गैर नाहीं, पण तो पहिला नव्हे. चित्रांतली स्त्री श्वास घेत नाहीं, खालीं बसत नाहीं, हात वर करीत नाहीं. कपडा घालणाऱ्या माणसाला हें सारें करावें लागतें. म्हणून या विद्येचीं मुळाक्षरें कापडावरच गिरवावीं लागतात. दिल्लींत १९८६ सालीं राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था निघाली. तिनेंही रचनाशाखेच्या प्रवेशासाठीं चित्रकलेबरोबर, दिलेल्या साहित्यांतून हातानें वस्तु घडविण्याची कसोटी ठेवली, ती उगीच नव्हे.

नवशिक्याची पाटी असते मांजरपाटाची. कापड स्वस्त, म्हणून चुकण्याचें भय नाहीं. आणि साधें, म्हणून चूक लपत नाहीं. विद्यार्थी तें प्रथम ओढून पाहतो. उभ्या धाग्यांत तें फारसें हलत नाहीं. उरेबांत, म्हणजे तिरपें ओढलें तर लांबतें. एवढ्याशा गुणावर पॅरिसच्या मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) या विदुषीनें आपली कीर्ति उभारली. ती आपले वेष आधीं एका लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून सिद्ध करी.

दुसरा धडा शरीराच्या गोलाईचा. सपाट कापड गोल अंगावर बसवायचें, तर जादा भाग कोठें तरी मिटवावा लागतो. तो मिटविण्यासाठीं टक्स. छातीच्या मापाइतकेंच कापड बेतलें, तर पोलक्यांत श्वास कोंडतो. म्हणून थोडा सैलपणा. हात बहुधा पुढें जातो, म्हणून पुढचा मुंढा मागच्याहून अधिक खोल. छापील कापडावर बाहीचा नमुना उलटा न करतां तसाच दोनदां ठेवला, तर दोन्ही बाह्या डाव्याच निघतात! ही फजिती ज्याची झाली, त्याला उजवें-डावें पुन्हा सांगावें लागत नाहीं.

मी आयुष्यभर शिकविलें तें शुद्धलेखन आणि अंकगणित, शिवण नव्हे. तथापि नातीच्या अभ्यासाच्या निमित्तानें हें शिक्षण जवळून पाहिलें, आणि जुनीच गोष्ट नव्यानें पटली. विद्यार्थ्याची बाही वांकडी बसली, कीं शिक्षकाचे हात शिवशिवतात. तो कात्री घेऊन क्षणांत ती नीट करून देतो. कपडा सुधारतो, पण विद्यार्थी तेथेंच राहतो. उत्तम शिक्षक एवढेंच विचारतो, "सुरकुती कोणीकडून येते आहे?" मग मूल टीप उसवतें, पुन्हा टांचण्या लावतें, आणि सुरकुतीचें मूळ खांद्याशीं आहे हें त्याचें त्यालाच उमगतें. आतां संगणकाच्या पडद्यावरही कपडा अंगावर चढवून पाहतां येतो. पण पडद्यावरील कापड जड कीं हलकें, याचा अर्थ ज्याच्या बोटांनीं तें जोखलें आहे त्यालाच कळतो.

पालकांनीं पहिल्या वर्षींच घरांत सुंदर पोशाखाची अपेक्षा धरूं नये. उसवलेल्या मांजरपाटाचे ढीग दिसले तर पैसा वायां गेला असें मानूं नये. मुलाची फी त्याच ढिगांत सार्थकीं लागत असते. शिंपी शिवणींत जें जादा कापड राखतो, त्याला आपल्या भाषेनें 'माया' म्हटलें आहे. ती नसेल तर पुढें कपडा वाढवितां येत नाहीं. शिकणाऱ्या मुलाला वाढविण्यासही तीच लागते.