पेरांबूरची शस्त्रक्रिया

भारतातली पहिली बायपास शस्त्रक्रिया झाली ती चेन्नईत, पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात. वर्ष १९७५. शल्यविशारद होते डॉ. के. एम. चेरियन. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या सरकारी रुग्णालयात हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याआधी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला डॉ. रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला जोडली होती. अडथळ्याच्या पुढे रक्ताला नवी वाट मिळाली. मात्र पायाची शीर धमनीसारखी दाब सोसायला घडलेली नसते. कालांतराने तीही अरुंद होऊ शकते. छातीच्या आतल्या बाजूची धमनी जोडली, तर ती दहा वर्षांनंतरही बहुतेक रुग्णांत मोकळी राहते. म्हणून हृदयाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या मुख्य धमनीसाठी आज शक्यतो तीच निवडतात.

पूर्वी हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर सोपवावं लागे. आता अनेक शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर होतात. काही निवडक रुग्णांत छातीचं हाड न कापता, बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून, कधी रोबोटच्या मदतीनेही. या वाटेवर अजून खूप काम व्हायचंय. पद्धत कोणतीही असो, तंबाखू मात्र शस्त्रक्रियेनंतरही सोडावीच लागते, नाहीतर नवी जोडलेली वाहिनीही तुंबू शकते.