पगार : रोमपासून सोलापूरपर्यंत



सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत कानावर पडतात. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा घरची बोली कोणतीही असो, ‘पगार झाला’ म्हटले की सगळ्यांना कळायचे. हा शब्द आला पोर्तुगीजांकडून. सोलापुरावर त्यांची सत्ता कधीच नव्हती. पण 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, आणि किनाऱ्यावर रुळलेले पाव, चावी, पगार असे शब्द पुढे घाट चढून आले.

पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे, अर्थ ‘पैसे चुकते करणे’. आपण त्याचे नाम केले आणि मग पगारदार, पगारवाढ, बिनपगारी रजा असा संसार मांडला.

त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’. ‘पाक्स’ म्हणजे शांतता. तिच्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. पुढे देणे देऊन सावकाराचे समाधान करणे, असा अर्थ त्याला चिकटला. मराठी माणसाला हे नवल वाटू नये. आपणही भांडण मिटवतो आणि हिशेबही मिटवतो.

लॅटिनच्या लेकींनी हा शब्द आपापल्या परीने वाढवला. स्पॅनिशमध्ये तो ‘पगार’च राहिला, इटालियनमध्ये ‘पगारे’ झाला. फ्रेंचांनी मधला ‘ग’ झिजवून ‘पेये’ केले; तेच इंग्रजीत ‘पे’ म्हणून गेले. मला सर्वांत आवडते ती रुमानियन. तिथे ‘अंपका’ म्हणजे आजही समेट करणे. पैसे देण्यासाठी त्यांनी स्लाव शब्द घेतला आणि लॅटिनचा जुना अर्थ जपला.

सोलापुरात मात्र कष्टाचा मोबदला घेणारा प्रत्येक जण पगारदार नव्हता. विड्या वळणाऱ्या बाईच्या हाती हजार विड्यांच्या हिशेबाने पडते ती मजुरी. पगार म्हणजे महिन्याची शाश्वती, म्हणूनच त्या शब्दाला घरात एवढा मान.

त्या गिरण्या आता बंद आहेत. उचल, खाडा, बदली, पाळी हे पगाराच्या सोबतीचे शब्द ज्यांच्या तोंडी होते, ती माणसे थकली आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून हे शब्द, त्यांच्या अर्थांसह, लिहून घ्या.