चालक निश्चेष्ट होतो तेव्हा

नकाशावर रायपूर आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर ती भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या लगतून जाते. २७ ऑगस्ट २०२१ रोजी, शुक्रवारी, मस्कतहून ढाक्याकडे निघालेले बिमान बांगलादेश कंपनीचे एक बोईंग ७३७ रायपूरच्या आसमंतात असताना त्याच्या मुख्य वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आला. विमानात सव्वाशेच्या आसपास प्रवासी होते. सहवैमानिकाने कोलकात्याच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला आणीबाणीची सूचना दिली. तेथून नागपूरला उतरण्याचा सल्ला मिळाला, आणि विमान सुखरूप नागपूरला उतरले. खाली भिलाईत त्या दिवशी कोणाला काही जाणवले असेल असे नाही.

मुळात असा प्रश्न पडेल की, रायपूर जवळ असताना पावणेतीनशे किलोमीटरवरचे नागपूर का? या विशिष्ट निर्णयाची कारणे बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या जेट विमानाला नेहमीच्या गतीने खाली येण्यास सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर लागते. विमानाच्या थेट खाली असलेला विमानतळ हा म्हणूनच वेळेच्या हिशेबाने सर्वांत जवळचा असतोच असे नाही. शिवाय धावपट्टीइतकेच महत्त्व तिच्या पलीकडे असलेल्या रुग्णालयालाही असते.

अशा प्रसंगी उरलेल्या वैमानिकाचे पहिले कर्तव्य रुग्णाची शुश्रूषा करणे हे नव्हे. हे कठोर वाटते, पण त्याला इलाज नाही. प्रथम तो विमानाचा ताबा घेतो, स्वयंचलित यंत्रणेच्या साह्याने उड्डाण स्थिर ठेवतो आणि आणीबाणी जाहीर करतो. मग केबिन कर्मचाऱ्यांना बोलावले जाते. ते निश्चेष्ट वैमानिकाला आसनाच्या पाठीशी ओढून पट्टे आवळतात आणि आसन मागे सरकवतात, कारण बेशुद्ध माणसाचा देह सुकाणूवर कोसळला तर एका आजाराचे रूपांतर शेकडोंच्या अपघातात होऊ शकते. त्यानंतरच प्राणवायू, प्रथमोपचार आणि प्रवाशांत कोणी डॉक्टर आहे का याची चौकशी.

कोसळलेला माणूस निदान दिसतो. जो कोसळत नाही, आसनावर ताठ बसून राहतो, डोळेही उघडे असतात, पण ज्याची विचारशक्ती मंदावलेली असते, त्याला ओळखणे फार अवघड. विमान वाहतुकीने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १८ जून १९७२ रोजी लंडनहून ब्रुसेल्सला निघालेले एक ट्रायडंट विमान उड्डाणानंतर अवघ्या अडीच मिनिटांत स्टेन्स या गावाजवळ कोसळले आणि त्यातील सर्व ११८ माणसे मृत्युमुखी पडली. पंखांच्या पुढच्या कडेचे, कमी वेगात विमान तोलून धरणारे भाग अकाली आत घेतले गेले होते. शवविच्छेदनात मुख्य वैमानिकाच्या हृदयाचा गंभीर विकार उघड झाला. त्या विकाराने त्याची एकाग्रता आणि निर्णयशक्ती उणावली असावी, असे चौकशी समितीचे मत पडले. शेजारी बसलेला सहवैमानिक अवघा बावीस वर्षांचा होता. अशा सूक्ष्म असमर्थतेला ओळखण्याचे शिक्षण वैमानिकांना दिले जात नव्हते, यावरही समितीने बोट ठेवले.

आज जगभर शिकवला जाणारा नियम दिसायला साधा आहे. उड्डाणाच्या ठरावीक टप्प्यांवर एक वैमानिक ठरावीक शब्द उच्चारतो आणि दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे असते. दोन हाकांना उत्तर आले नाही, की दुसऱ्याने तो असमर्थ झाला असे गृहीत धरून ताबा घ्यावा. तिसरी हाक नाही, आदब नाही. ज्येष्ठाला हात लावण्यास कचरणाऱ्या समाजांत हा नियम अंगवळणी पडण्यास सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत आवश्यक.

भिलाईच्या रहिवाशांना ही गोष्ट वेगळ्या रीतीने परिचित आहे. झोतभट्टीच्या वायूत मोठ्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी येथील पोलाद कारखान्याच्या पंपगृहात असा वायू शिरला आणि सहा जण दगावले. या विषाचे दुष्ट वैशिष्ट्य असे की, ज्याला ते बाधते त्याची धोका जाणण्याची शक्तीच ते आधी हिरावून घेते. हाच वायू लहान विमानांतही शत्रू ठरतो, कारण त्यांपैकी अनेकांत इंजिनाच्या निष्कास नळीच्या उष्णतेवर आतली हवा गरम केली जाते, आणि त्या नळीला तडा गेला की विष बैठकीत येते. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन निघालेले विमान इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तात हा वायू घातक प्रमाणात आढळला, आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्या विमानात दोन हाका देणारा दुसरा वैमानिक नव्हता.

मोठ्या विमानातही दुसरा माणूस नेहमी शेजारी असतोच असे नाही. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रँकफुर्टहून सेव्हिलला निघालेल्या लुफ्तान्साच्या विमानाचा मुख्य वैमानिक स्वच्छतागृहात गेला असताना सहवैमानिक बेशुद्ध झाला. सुमारे दहा मिनिटे दोनशेहून अधिक माणसांचे ते विमान केवळ यंत्राच्या आधारे उडत होते. परत आलेल्या मुख्य वैमानिकाने दाराचा संकेतांक पाच वेळा वापरला, पण आतून दार उघडेना. अखेर त्याने आणीबाणीचा संकेतांक दिला. तो लागू होण्यापूर्वीच सहवैमानिक शुद्धीवर आला आणि फिकट, घामाघूम अशा अवस्थेत त्यानेच दार उघडले. विमान माद्रिदला उतरले. त्याचा विकार कोणत्याही नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत सापडण्याजोगा नव्हता.

लांबच्या प्रवासात मधल्या टप्प्यावर एकाच वैमानिकाने आसनावर राहावे, दुसऱ्याने विश्रांती घ्यावी, असा विचार विमाने बांधणाऱ्यांच्या वर्तुळात काही वर्षे चालला आहे. २०२५ मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात, अशा व्यवस्थेत आजच्याइतकी सुरक्षितता राहील असे दाखवता येत नाही, असा निर्वाळा देण्यात आला.

नागपूरला उतरलेल्या त्या बोईंगमधील प्रवासी ढाक्याला पोहोचले. मुख्य वैमानिक मात्र नागपूरच्या रुग्णालयातच राहिला, आणि ३० ऑगस्टला तेथेच त्याचे निधन झाले.