लपवून वाचलेलीं पुस्तकें



आपणांस कोणते ग्रंथ आवडतात, असें चारचौघांत कोणी विचारलें, म्हणजे सुशिक्षित माणूस क्षणभर थांबतो आणि मग ज्ञानेश्वरीचें, गीतारहस्याचें किंवा एखाद्या सन्मान्य कादंबरीचें नांव घेतो. तें नांव खोटें असतें असें नाहीं. पण तें पहिल्यानें आठवलेलें नसतें. पहिल्यानें आठवलेलें नांव ओठांपर्यंत येतें आणि मागें परततें. आज मी तें परतणारें नांव घेणार आहें. मला रहस्यकथा आवडतात. भुताखेतांच्या आणि विज्ञानाच्या अद्भुत कथाही आवडतात. आणि साठ वर्षें मी त्या वाचीत आलों आहें.

माझें बालपण कोपरगांवीं गेलें. गोदावरीच्या कांठचें हें गांव इतिहासांत राघोबादादांमुळें ठाऊक आहे. १७८३ सालीं त्यांचा अंत येथेंच झाला. आमच्या लेखीं मात्र गांवाचें सारें वैभव एका लहानशा वाचनालयांत सांठलेलें होतें. १९६५ च्या सुमाराची ही गोष्ट. तेथें कांचेच्या कपाटांत जाडजूड ग्रंथ होते आणि त्यांची बांधणी अजून कोरी होती. बाबूराव अर्नाळकरांचीं पुस्तकें मात्र टेबलावरच असत, कारण कपाटांत जाण्याइतका विसांवाच त्यांना मिळत नसे. एकानें परत केलें कीं दुसरा तें त्याच्या हातांतूनच घेई. शिंपी, पोस्टांतील कारकून, शाळेंतील मुलें, साखर कारखान्यांतून पाळी संपवून आलेले कामगार, हे सर्व त्या टेबलाभोंवतीं एकाच आतुरतेनें उभे असत.

या वाचकांत पक्षही होते. गुप्तहेर धनंजय श्रेष्ठ, कीं झुंजार श्रेष्ठ, कीं काळापहाड, या वादांत नदीच्या घाटावर संध्याकाळ सरून जाई. एरवीं एकमेकांशीं बोलण्याचें कांहीं कारण नसलेलीं माणसें त्या वादांत सरसावून बसत.

पुस्तकें इतकीं फिरत कीं शेवटचीं पानें आधीं गळत. असेंच एक पुस्तक माझ्या हातीं आलें. खुनी कोण हें उघड होण्याच्या नेमक्या जागीं त्याचीं पानें नव्हतीं. परंतु वेष्टणाच्या आंतल्या बाजूस कोणा वाचकानें उरलेली हकीकत पेन्सिलीनें नऊ-दहा ओळींत लिहून ठेविली होती, आणि तिच्याखालीं दुसऱ्याच हस्ताक्षरांत एक दुरुस्ती होती. आपल्यामागून येणाऱ्याची निराशा होऊं नये म्हणून दोन अनोळखी माणसांनीं ही खटपट केली होती.

माझे वडील शिक्षक होते. भूमितीच्या पुस्तकाआड दडविलेलें हें पुस्तक त्यांनीं त्याच रात्रीं जप्त केलें. त्यांच्या खोलींतला दिवा नेहमींपेक्षां बराच वेळ जळत राहिला. सकाळीं त्यांनीं तें माझ्यापुढें ठेविलें आणि गंभीरपणें म्हणाले, “खालची दुरुस्ती बरोबर आहे. वरच्या गृहस्थाचा घोटाळा झाला आहे.” त्यानंतर पुस्तकें लपविण्याची गरज उरली नाहीं, पण घरीं कोणी आलें, म्हणजे आम्ही दोघेही तीं झांकीत असूं.

वास्तविक लाजावें असें या वाङ्मयाचें कुळ नव्हे. मराठी कादंबरीनें बाल्यावस्थेंतच अद्भुताचा हात धरला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. पुढें गोविंद नारायण दातारशास्त्री यांनीं रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारें ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या रचून वाचकांस झोप विसरावयास लाविली. अर्नाळकरांचें खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६ या आपल्या आयुष्यांत त्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवतांनीं फुरसुंगीच्या फास्टर फेणेस मुलांच्या हवालीं केलें. नारायण धारपांनीं अघोरी शक्तींशीं झुंजणारा ‘समर्थ’ निर्माण केला. आणि जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें. स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून त्यांनीं तें बनविलें होतें. कथेला पारितोषिक मिळालें आणि मगच तें कोडें सुटलें. जगाला ठाऊक असलेल्या शास्त्रज्ञासही नांव लपवून खेळावासा वाटावा, असा हा खेळ आहे.

आतां आक्षेपाकडे वळूं. यांतील कितीएक पुस्तकें घाईनें लिहिलेलीं आहेत, कितीएकांचीं कथानकें परकीय आहेत, आणि पात्रें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं आहेत. हें सर्व मला मान्य आहे. उतारवयांत तीं पुन्हां वाचतांना कांहीं ठिकाणीं मला हंसूं आलें आणि कांहीं ठिकाणीं, विशेषतः स्त्रियांच्या चित्रणाशीं, मी खिन्नही झालों. पण ज्या घरांत पंचांगाखेरीज छापील अक्षर नव्हतें, तेथें पहिलें पुस्तक यांनींच नेलें. पुढचें पान उलटल्यावांचून राहवत नाहीं, ही ओढ मला यांनीं लाविली; तिच्याच बळावर मी पुढें कांचेच्या कपाटांतील ग्रंथांपर्यंत पोंचलों. दिसतें तेंच खरें असेल असें नाहीं, आणि ज्याच्यावर सर्वांचा संशय आहे तो निर्दोष असूं शकतो, हेंही मीं प्रथम तेथेंच शिकलों. हा धडा संसारांत मला भूमितीपेक्षां अधिक वेळां उपयोगी पडला.

इतकें उपकारी असलेलें वाङ्मय मीं कसें सांभाळलें, तें आतां सांगितलें पाहिजे. वाचनालयानें जीर्ण पुस्तकें काढून टाकलीं, तेव्हां तें पेन्सिलीचें पुस्तक मीं मागून घेतलें होतें. हळूंहळूं त्याच्याभोंवतीं इतर पुस्तकें जमत जाऊन एक ट्रंक भरली. १९८७ सालीं घराला रंग दिला, बैठकींत नवें कपाट आलें, आणि हीं पुस्तकें त्यांत पाहुण्यांच्या दृष्टीस पडतील या लाजेनें मीं ती सारी ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूंत रिकामी केली. वडील तेव्हां थकले होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, “तें दुरुस्तीचें पुस्तकही दिलेंस काय?” मीं होय म्हणालों. ते पुढें कांहींच बोलले नाहींत.

तेव्हांपासून पुण्याच्या आणि नाशिकच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी तें शोधीत आलों आहें. माझी ती प्रत सोडाच, त्या कथेची दुसरी प्रतही मला मिळालेली नाहीं. जीं पुस्तकें सर्वांत अधिक वाचलीं गेलीं, तींच सर्वांत कमी उरलीं. न वाचलेले ग्रंथ कांचेआड सुखरूप आहेत. वाळवीनें आणि पाण्यानें आपलें काम केलें असेल. परंतु माझ्या ट्रंकेपुरतें बोलावयाचें, तर तेथें वाळवी नव्हती. ती माझी लाज होती.

कोपरगांवाच्या बेटावर शुक्राचार्यांचें मंदिर आहे, आणि कच येथेंच संजीवनी विद्या शिकला अशी आमच्याकडील श्रद्धा आहे. ‘संजीवनी’ हें नांव पुढें तालुक्यांतील एका सहकारी साखर कारखान्यालाही मिळालें. दैत्यांनीं कचाची राख मद्यांत कालवून ती गुरूंनाच पाजली, ही कथा आपण जाणतां. शिष्य पोटांत, आणि तो बाहेर आला तर गुरूंचा मृत्यु. तेव्हां शुक्राचार्यांनीं पोटांतल्या कचाला विद्या शिकविली. तो गुरूंचें उदर फाडून बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर प्रथम त्यानें गुरूंना उठविलें. लहानपणीं मला ही गोष्ट कोणत्याही रहस्यकथेहून थरारक वाटे. आतां तींतील शेवटची गोष्ट मला अधिक टोंचते. ज्याच्या उदरांतून आपण जन्मलों, त्याला तसेंच पडूं देऊन कच निघून गेला नाहीं. आम्ही बहुतेक वाचक निघून गेलों.

तरीही विद्या अगदींच लुप्त झालेली नाहीं. ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ सालीं आला. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा प्रथम भेटली ती छापील पानांवर नव्हे. नागझिऱ्याच्या रानांत एका मित्रानें ती सांगितली होती. एका चाहत्यानें रात्रीं सांगितलेली गोष्ट पंचवीस वर्षें दुसऱ्याच्या मनांत जिवंत राहिली, आणि मग ती देशानें पाहिली.

म्हणून माझी विनंती लहान आहे. ज्या पुस्तकानें आपणांस वाचक केलें, त्याचें नांव घरांतल्या मुलांना न लाजतां सांगा. तें माळ्यावर असेल तर खालीं काढा आणि कपाटांत दर्शनी भागीं ठेवा. आणि त्याचीं शेवटचीं पानें गळलीं असतील, तर पुढें काय झालें तें आठवून आंतल्या बाजूस लिहून ठेवा. पेन्सिलीनें लिहिलें तरी चालेल; चुकलें तर खालीं दुरुस्ती करणारा कोणीतरी येईल.