संत्र्याची बाग आणि थेंबाचा हिशेब

श्रोतेहो, नागपुरी संत्रे या नावाने जे फळ मुंबई-पुण्याच्या घरोघरी पोहोचते, त्यातील पुष्कळसे नागपूरचे नसून वऱ्हाडचे असते, ही गोष्ट शहरवासीयांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूने वरुड, मोर्शी, चांदूर बाजार व अचलपूर हे जे तालुके पसरले आहेत, तेथील काळ्या जमिनीत हे झाड रुजले, वाढले आणि तेथील कुटुंबांचा संसार त्याने चालविला. २०१४ साली नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाचा निम्मा वाटा या मुलखाचाच समजला पाहिजे.

परंतु संत्रे हे कापसासारखे आभाळाच्या भरवशावर वाढणारे पीक नव्हे. पाऊस चार महिन्यांचा, झाडाची तहान मात्र बारा महिन्यांची. कपाशी एखाद्या वर्षी बुडाली तर शेतकरी पुढल्या मृगात पुन्हा पेरणी करतो. संत्र्याची बाग वाळली तर कलम लावल्यापासूनची पाच-सहा वर्षांची मेहनत व भांडवल एकाच उन्हाळ्यात मातीला मिळते. म्हणून पूर्वी मोटेने, पुढे इंजिनाने व विजेच्या पंपाने विहिरीतील पाणी उपसून या बागांचे ओलित होऊ लागले. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले, आणि बोअर दर पिढीस अधिकाधिक खोल जात शेकडो फुटांवर पोहोचले. वरुड व मोर्शी हे तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित ठरले. जितके मुरते त्याहून अधिक उपसले जाते, असा या शब्दाचा सरळ अर्थ होय. अशा मुलखात पाण्याचा हिशेब ठेवणे हा काटकसरीचा उपदेश राहत नाही. तो बाग जगण्या-मरण्याचा प्रश्न बनतो.

दांडाने पाणी सोडण्याची जी जुनी रीत, तिचे अंकगणित मांडून पाहावे. एक हेक्टर शेतात सरसकट पाच सेंटिमीटर पाणी उभे केले, तर ते पाच लाख लिटर भरते. आता त्याच हेक्टरात सहा-सहा मीटर अंतरावर २७७ झाडे आहेत असे समजा. प्रत्येक झाडास ताशी आठ लिटर पाणी सोडणाऱ्या चार तोट्या लावून त्या तीन तास चालविल्या, तर झाडास ९६ लिटर व हेक्टरास सुमारे साडेसव्वीस हजार लिटर पाणी लागते. हे रोज दहा दिवस दिले तरी बेरीज पावणेतीन लाखांच्या आतच राहते. दांडाचे पाणी वाटेत मुरते, उन्हात उडून जाते आणि दोन झाडांमधील तणास पोसते; ठिबकाचे पाणी मात्र ज्या मुळांसाठी सोडले त्यांनाच लाभते. सारे रहस्य एवढेच.

ही कल्पना आपल्या लोकांस परकी वाटण्याचे कारण नाही. महादेवाच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र थेंब थेंब गळत राहते, आणि नव्या रोपाशेजारी छिद्राचे मडके पुरून ते पाण्याने भरून ठेवण्याची युक्ती खेड्यातील म्हाताऱ्यांस ठाऊक होती. तिला यंत्राचे रूप दिले ते इस्राएलमधील सिम्हा ब्लास या अभियंत्याने. १९६५ साली हात्झेरिम नावाच्या सामुदायिक वसाहतीने त्याच्या साह्याने ठिबक-तोट्यांचा कारखाना काढला. महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांनी केळीच्या मुलखातून या पद्धतीचा प्रसार आरंभिला.

वऱ्हाडच्या संत्र्यास या पद्धतीचा आणखी एक मोठा उपयोग आहे. खोडाभोवती पाणी साचले म्हणजे फायटोप्थोरा नावाचे बुरशीसारखे सूक्ष्म जीव मातविले जातात. बुंध्यातून डिंक पाझरू लागतो, मुळे कुजतात आणि हिरवे झाड बघता बघता पिवळे पडते. म्हणूनच जाणते बागाईतदार दुहेरी आळे करून खोडास पाणी शिवू देत नसत. ठिबकाच्या नळ्या खोडापासून दूर, झाडाच्या घेराच्या सावलीत दोन्ही बाजूंस टाकल्या, तर तेच साधते. कारण अन्न शोषणारी बारीक मुळे तेथेच असतात. तोटी बुंध्याशी ठेवणारा शेतकरी मात्र पैसे मोजून रोग विकत घेतो.

पाण्याबरोबर खतही याच वाटेने देता येते. या कृतीस फर्टिगेशन म्हणतात. समजा, मोठ्या झाडास वर्षाकाठी ६०० ग्रॅम नत्र द्यावयाचे आहे. युरियात नत्र शेकडा ४६ असते. म्हणजे सुमारे १३०० ग्रॅम युरिया लागेल. तो एक-दोन वेळा फेकून वर पाणी सोडले, तर बराचसा भाग हवेत उडतो किंवा मुळांखाली वाहून जातो आणि नायट्रेटच्या रूपाने गावाच्या पिण्याच्या विहिरीत उतरतो. तोच युरिया पाण्यात विरघळवून, व्हेंच्युरीच्या साह्याने आठवड्याआड थोडा थोडा दिला, तर झाड तो घासाघासाने खाते. मात्र यास शिस्त हवी. आधी निव्वळ पाणी, मध्ये खत आणि शेवटी नळ्या धुऊन निघतील इतके पुन्हा निव्वळ पाणी, हा क्रम मोडता कामा नये. कॅल्शियम नायट्रेट हे फॉस्फेट वा सल्फेट असलेल्या खताशी एकत्र केले, तर चुनखडीसारखा साका बसून तोट्या बुजतात. येथील विहिरींचे पाणी बहुधा जड असल्याने अधूनमधून आम्लाने नळ्या धुवाव्या लागतात. गाळणी साफ न करणाऱ्याच्या बागेत एक ओळ तृप्त व दुसरी उपाशी राहते.

बहाराचे तंत्रही विसरून चालणार नाही. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडास पाणी तोडून ताण द्यावा लागतो. तोटी फिरवली की पाणी मिळते, या सुखाने जो ताण मोडतो, त्याच्या झाडास पालवी भरपूर व फूल थोडे अशी अवस्था येते.

आता मुख्य प्रश्न उरतो. ठिबकाने वाचलेले पाणी खरोखर वाचते काय? संच बसविण्यास सरकारचे साह्य आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने केंद्राच्या अनुदानास पूरक रक्कम जोडून ते अल्प व अत्यल्पभूधारकांस ठरीव खर्चाच्या ८० टक्के व इतरांस ७५ टक्के करण्याचे ठरविले. हा पैसा शहरातील करदात्याचाही आहे. परंतु निम्म्या पाण्यात बाग भिजते असे दिसताच शेतकरी उरलेल्या पाण्यावर दुसरे वावर बागेखाली आणतो. त्यात त्याचा दोष काढणे अन्याय होईल. ज्याच्या घरी मुलीचे लग्न व मुलाचे शिक्षण आहे, तो हाती आलेले पाणी जमिनीत ठेवील कशास? पण भूगर्भाच्या दृष्टीने उपसा होता तेवढाच राहिला, किंबहुना वाढला. शिवाय दांडाच्या पाण्यातील जो अंश खाली मुरून पुन्हा विहिरीस मिळत असे, तोही बंद झाला.

म्हणून ठिबक ही अर्धी विद्या होय. उरलेली अर्धी गावाने मिळून शिकावयाची आहे. नाल्यावर बांध घालून पावसाचे पाणी मुरविणे, पावसाळ्याअखेर विहिरींची पातळी मोजून किती बाग जगेल हे चावडीवर ठरविणे आणि एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर कोरडी पडू न देणे, ही कामे कोणताही कारखाना पेटीत बांधून पाठवू शकत नाही. यंत्र थेंब मोजते. किती थेंब घ्यावेत हे माणसांनीच ठरवावयाचे असते.

श्रोतेहो, हिवाळ्याच्या दिवसांत घरी संत्रे सोलाल तेव्हा त्याच्या गोडीबरोबर त्यासाठी जमिनीतून वर आलेल्या पाण्याचीही आठवण असू द्यावी. फळाचा भाव करताना ग्राहक घासाघीस करतो. त्या पाण्याचा भाव मात्र अजून कोणी केलेला नाही, आणि त्याचा हिशेब चांदूर बाजारच्या पुढील पिढीस चुकवावा लागणार आहे.