मोठ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी



वसंतातल्या संध्याकाळी रोगाचा विषय काढणे कोणाला औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या घरात गोळ्यांची पिशवी टांगलेली नाही असे घर आता भोकरात क्वचितच सापडेल. मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात हे चार दिवसांचे पाहुणे नव्हेत. एकदा आले की ते घरचेच होऊन राहतात. गावच्या डॉक्टरांना शंका आली की ते चिठ्ठी देतात आणि आपण नांदेडची वाट धरतो. एस.टी. नाही तर आगगाडी गाठायची, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात नंबर लावायचा, तासन् तास बाकावर बसायचे आणि आत गेल्यावर पाच-दहा मिनिटांत बाहेर यायचे. मजुरी बुडते, पैसा जातो. त्या पाच-दहा मिनिटांचे सोने कसे करावे, एवढाच आज आमचा विषय आहे.

वेळेची ही टंचाई केवळ आपल्याकडचीच नाही. 2017 साली 67 देशांतील माहिती एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर रोग्याला बांगलादेशात सरासरी 48 सेकंद देतो, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. वेळ वाढविणे आपल्या हाती नाही. तयारी मात्र आहे. आणि तिची किंमत मोठी आहे. इंग्लंडात 1975 साली 80 नव्या रोग्यांची बारकाईने नोंद ठेवली गेली. आधीच्या डॉक्टरांचे पत्र वाचून आणि रोग्याची हकिकत ऐकून केलेले निदान त्यांपैकी 66 जणांच्या बाबतीत अखेरपर्यंत टिकले. म्हणजे यंत्राच्या आधी आपले तोंड बोलते.

आपल्या चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. रोग्याच्या अंगी चार गुण असावेत असेही तिथे म्हटले आहे : स्मरण, रोगाची हकिकत सांगता येणे, निर्भयपणा आणि सांगितल्याप्रमाणे वागणे. आजच्या तयारीला याहून चांगली यादी आम्हाला सापडलेली नाही.

पहिले स्मरण. बाकावर बसल्यावर आठवू म्हटले की काही आठवत नाही. म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहावे : दुखणे केव्हा सुरू झाले, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणते औषध सोसले नाही, घरात आणखी कोणाला हा विकार आहे. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. चालू गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत; त्यांत काढे, चूर्णे आणि दुकानातून आपणच आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही आल्या. शिधापत्रिका व आधारकार्ड त्याच पिशवीत असू द्यावे. रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे काय, आणि तसे असल्यास सकाळच्या गोळीचे काय करायचे, हे अगोदर विचारून घ्यावे.

दुसरे सांगणे. 'अंगात बरे वाटत नाही' एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. 'पूर्वी घरापासून स्टेशनपर्यंत एका दमात जात असे, दिवाळीपासून वाटेत दोनदा बसावे लागते,' असे म्हटले की डॉक्टर कान टवकारतात. सर्वांत मोठी तक्रार सर्वांत आधी सांगावी. उठून दाराशी गेल्यावर नव्हे.

तिसरा गुण निर्भयपणाचा, आणि इथे आम्हाला आमचाच अपराध सांगितला पाहिजे. आमचे थोरले बंधू मधुमेहाचे जुने रोगी. त्यांना घेऊन आम्ही एका तज्ज्ञांकडे गेलो. गोळ्या वेळेवर घेता ना, असे डॉक्टरांनी विचारताच दादा 'हो' म्हणाले. खरे म्हणजे खर्च वाचावा म्हणून ते दोनऐवजी एकच गोळी घेत. साखर तर वाढलेली दिसत होती. डॉक्टरांनी साहजिकच औषध वाढविले. घरी वहिनींनी नव्या चिठ्ठीप्रमाणे सर्व गोळ्या मोजून दिल्या. चौथ्या दिवशी पहाटे दादा घामाने निथळले, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शुद्ध होती म्हणून साखरेचे पाणी पाजता आले आणि ते वाचले. डॉक्टरांची यात काहीच चूक नव्हती. आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो, आम्हाला सर्व ठाऊक होते, आणि चारचौघांत दादांचा शब्द खोटा कसा पाडावा म्हणून आम्ही गप्प राहिलो. ती भीड त्यांच्या जिवावर बेतली असती.

म्हणून चुकलेल्या गोळ्या, तंबाखू, दारू, परवडत नसलेले औषध, सर्व सांगावे. औषध महाग आहे असे सांगितले तर स्वस्त पर्याय सुचविता येतो. दोन दिवस गोड सोडून तपासणीला जाण्यातही अर्थ नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी रक्ततपासणी त्याने फसत नाही.

चौथा गुण, सांगितल्याप्रमाणे वागणे. पण न समजलेली आज्ञा पाळायची कशी? मान डोलावून बाहेर येऊ नये. तीन प्रश्न लिहून न्यावेत : मला नेमके काय झाले आहे? मी काय करायचे? कोणते लक्षण दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे? मग 'डॉक्टरसाहेब, मला असे समजले' म्हणून सर्व परत बोलून दाखवावे. सोबत घरचे एक माणूस न्यावे आणि त्याने लिहून घ्यावे. मात्र छातीत कळ आली, श्वास कोंडला किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर नंबराची वाट पाहण्यात वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टर रोग जाणतात. परंतु तो रोग घेऊन आपण रोज कसे उठतो, कसे चालतो, हे आपल्यावाचून त्यांना कोण सांगणार? आज घरी गेल्यावर खुंटीवरची ती पिशवी खाली काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि त्यांना न रागावता विचारा, की यांतल्या कोणत्या गोळ्या तुम्ही खरोखर घेता? आम्ही हा प्रश्न फार उशिरा विचारला.